पँट बत्तीस, पोट छत्तीस: डायबिटीसचा धोका मोजायचा कसा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलमधून आलाय. वय ४१, उंची पाच फूट चार इंच, वजन ५८ किलो. नोकरी हिंजवडीत, कंपनीच्या बसने जाणं-येणं. वडिलांना डायबिटीस आहे. ते लिहितात, "बायको मागे लागली आहे तपासून घ्या म्हणून. पण मी शाळेपासून किडकिडीत. गोडही फारसं खात नाही. मला कशाला तपासणी?"

मी डॉक्टर नाही, हे नेहमीप्रमाणे आधी सांगून टाकतो. पण हा प्रश्न पुण्यात बसून विचारला जावा यात एक गंमत आहे. बारीक माणसाला डायबिटीस का होतो, या कोड्यावर जगभरात जे काम झालं त्यातलं फार मोठं काम याच शहरात झालंय. तिकडे येऊच. आधी या गृहस्थांचा हिशोब करू.

त्यांचा बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, साधारण २२ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे कागदावर साहेब एकदम ठीक. म्हणून मी त्यांना उलट मेल करून दोन गोष्टी विचारल्या. एक, व्यायाम काय करता? उत्तर आलं, "वेळ मिळत नाही." दुसरी, कमरेचा घेर किती? उत्तर आलं, "बत्तीस." मी म्हटलं, पँटचा नंबर नको, टेप लावून सांगा. दुसऱ्या दिवशी मेल आला: छत्तीस इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. खाली तीन उद्गारचिन्हं.

आपल्याकडे अर्ध्या पुरुषांचं हेच आहे. पँट पोटाच्या खाली बांधली जाते, त्यामुळे पोट वाढलं तरी पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. घेर मोजायची पद्धत अशी: उभं राहायचं, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा या दोन्हींच्या मधोमध टेप धरायची, सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. आरशासमोर तर मुळीच मोजू नका, आपोआप ओढलं जातं.

आता गुण मांडू. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक गुणपत्रक प्रसिद्ध केलं, इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर. चेन्नई शहरातल्या मोठ्या पाहणीवरून ते बनवलं. त्यात चारच प्रश्न आहेत, रक्त काढावं लागत नाही, एकूण गुण १००.

वय: ३५ च्या आत असाल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कमरेचा घेर: बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांचा ९० च्या आत असेल तर शून्य. बायकांचा ८० ते ८९, पुरुषांचा ९० ते ९९ असेल तर १०. त्याच्या वर २०. हालचाल: नियमित व्यायामही आहे आणि कामही अंगमेहनतीचं आहे तर शून्य, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आणि आईवडील: दोघांनाही डायबिटीस नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

आपल्या गृहस्थांचे वयाचे २०, घेराचे १०, बैठ्या आयुष्याचे ३० आणि वडिलांचे १०. झाले ७०. या गुणपत्रकात ६० आणि वर म्हणजे जास्त धोका, ३० ते ५० मध्यम, ३० च्या खाली कमी. शाळेपासून किडकिडीत असलेला माणूस ७० वर उभा आहे. घेराचे १० काढून टाकले तरी ६० उरतातच. गुणपत्रकात वजनाचा प्रश्नच नाही, हे लक्षात आलं का? ते विसरलेले नाहीत. पोटाचा घेर विचारला की बऱ्यापैकी काम होतं.

बरं, ७० म्हणजे काय? डायबिटीस होण्याची शक्यता ७० टक्के? नाही. इथे बहुतेक लोक चुकतात आणि एक तर घाबरतात, नाहीतर थट्टा करून सोडून देतात. हे गुणपत्रक बनवलं ते ज्यांना डायबिटीस आहे पण माहीतच नाही अशी माणसं शोधायला. मूळ अभ्यासात ६० किंवा जास्त गुण असलेल्या शंभर माणसांमागे साधारण १७ जणांना असा न कळलेला डायबिटीस निघाला. म्हणजे ८३ जणांना नव्हता. ६० च्या खाली असलेल्या शंभरात ९५ जणांना नव्हता. ऐकायला छान वाटतं, पण तिसरा आकडाही बघा. ज्यांना खरंच डायबिटीस होता अशा शंभरातले साधारण ७२-७३ जणच या चाळणीत सापडले, बाकीचे निसटले. तर ६० च्या वर गुण आले याचा अर्थ एवढाच की रक्त तपासायला जा, आणि कमी आले म्हणजे सुटलो असंही नाही.

चौथ्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट सांगतो. "आमच्यात कुणालाच नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. त्यातल्या निम्म्या वेळी खरं वाक्य असतं, "आमच्यात कुणी तपासलंच नाही." आजोबा गावी सत्तरीत गेले, पाय काळा पडला होता, जखम भरत नव्हती, पण साखर कधी कुणी बघितली नाही. अशा घरात आई किंवा वडील हयात असतील तर आधी त्यांची तपासणी करा. त्यांचंही भलं होईल आणि तुमचा चौथा प्रश्नही खरा सुटेल.

आता रास्ता पेठेत जाऊ. केईएम हॉस्पिटल, म्हणजे पुण्यातलं, मुंबईत परळला आहे ते नव्हे. तिथल्या डायबिटीस युनिटचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऐंशीच्या दशकात त्यांना सतत दिसत होतं की पाश्चात्त्य पुस्तकात डायबिटीसचा रुग्ण म्हणजे लठ्ठ आणि वयस्क, आणि समोर ओपीडीत बसलाय तो बारीक आणि तरुण. पुस्तक बरोबर की पेशंट बरोबर?

२००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी एका पानाचा लेख छापला. त्यात दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो आहे. दोघांचाही बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. आपल्या गृहस्थांच्या जवळपासच. पण शरीरातली चरबी स्कॅनवर मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांची आडनावं इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. लेखात स्वतःवरच एक कोपरखळीही आहे: युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. संशोधनाच्या लेखात इतका प्रामाणिकपणा क्वचितच सापडतो.

पण फरक फक्त मॅरेथॉनचा नव्हता. १९९३ मध्ये केईएमच्या लोकांनी पुण्याजवळच्या ६ गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. गावातल्या लग्न झालेल्या तरुण मुलींची नोंद आधीच करून ठेवायची, दिवस गेले की आईचं खाणं, वजन, कामाचे तास, रक्त, सगळं बघायचं, आणि मूल जन्मलं की त्यालाही मोजायचं. नुसतं वजन नाही. दंडाचा घेर, पोटाचा घेर, आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमूट धरून तिची जाडी. तीच मोजमापं इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या बाळांची झाली होती.

पुण्याच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. यात नवल काही नाही, आया स्वतःच बारीक आणि शेतात राबणाऱ्या. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ राखलेली. पुढे लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या लहानखुऱ्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडलं. याला नाव पडलं थिन-फॅट बाळ. दिसायला बारीक, पण आत चरबीचा वाटा जास्त.

याचा डायबिटीसशी संबंध काय? जेवल्यावर रक्तात येणारी साखर ठेवायची मोठी कोठी म्हणजे स्नायू. इन्सुलिन ही त्या कोठीची किल्ली समजा. कोठीच लहान असेल तर साखर ठेवणार कुठे? आणि यकृताभोवती, पोटात चरबी साचली की कुलूपही गंजतं, किल्ली जोर लावून फिरवावी लागते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करत राहतं, जमेल तितकी वर्षं, आणि मग दमतं. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही. काटा स्नायू आणि चरबी यांना एकाच भावात तोलतो.

याच केईएममध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा एक वेगळा अभ्यास झाला होता. ती मुलं ८ वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद कोण देत होतं? जी जन्मताना कमी वजनाची होती आणि आता वर्गात अंगाने भरलेली होती ती. "जन्मला तेव्हा एवढास्सा होता, आता बघा कसा गुटगुटीत झालाय" हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य आहे. मला ते आता पूर्वीसारखं ऐकवत नाही.

आणि सहा गावांमधली मुलं? ती मोठी झाली. १८ व्या वर्षी त्यांना ग्लुकोज पाजून तपासलं. बीएमआय साधारण १८, म्हणजे काठीसारखी मुलं. त्यातल्या मुलांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्क्यांची साखर सामान्यपेक्षा वर होती, बहुतेकांची प्रीडायबिटीसच्या टप्प्यात.

हे वाचून मी पुन्हा ते चार प्रश्नांचं गुणपत्रक काढलं. अठरा वर्षांच्या मुलाला वयाचे शून्य, घेराचे शून्य. शेतात राबत असेल तर हालचालीचे फार तर २०. आईवडील तरुण, त्यांचं अजून काही निघालेलं नाही, शून्य. एकूण २०, कमी धोका. गुणपत्रक खोटं नाही, ते बनवलंच वीस वर्षांवरच्या शहरी माणसांसाठी. पण टेपला जे दिसतं तेवढंच ते मोजतं. आईच्या पोटात काय झालं ते त्यात येत नाही.

आणखीही काही येत नाही, आणि त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गरोदरपणात साखर वाढली होती का? ज्या बाईची वाढली होती तिला पुढे डायबिटीस होण्याचा धोका न वाढलेल्या बाईच्या सात ते दहा पट असतो. आपल्याकडे काय होतं? बाळंतपण माहेरी. फाईल माहेरच्या कपाटात. बाळंतपणानंतर साखर उतरते, सगळे म्हणतात झालं बरं, आणि बाळाच्या लसींच्या तारखा पाठ असतात पण आईची तपासणी कुणाच्या डोक्यात नसते. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत एकदा ग्लुकोज पिऊन तपासणी, आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी, असा नियम आहे. ऐकणाऱ्यांमध्ये अशी कुणी असेल तर तुमचे गुण कितीही येवोत, तुम्ही गुणपत्रक बाजूला ठेवा आणि थेट तपासणीला जा. भावाबहिणींचा डायबिटीस, ब्लड प्रेशर, पीसीओएस, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड, हेही त्या चार प्रश्नांत नाही. डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं.

आता तपासणी कोणती? उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर अमेरिकन नियमाने प्रीडायबिटीस, जागतिक आरोग्य संघटना हीच रेघ ११० वर ओढते. १२६ आणि वर डायबिटीस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबिटीस, २०० आणि वर डायबिटीस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर प्रीडायबिटीस, ६.५ पासून डायबिटीस. काही त्रास होत नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांची उपाशीपोटीची साखर छान असते आणि खाल्ल्यानंतरची वाढलेली असते. नुसती फास्टिंग करून "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. आणि लॅबच्या बाहेर दोन इडल्या खाऊन दोन तासांनी परत जायची जी 'पीपी' आहे, ती ज्याला डायबिटीस आहे त्याचा इलाज कसा चाललाय हे बघायला उपयोगी. निदानाचे १४० आणि २०० हे आकडे मोजून दिलेल्या ग्लुकोजचे आहेत, इडलीचे नाहीत. कुणी एक इडली खातं, कुणी सांबार ओरपतं.

एचबीएवनसी सोयीची, कारण उपाशी राहावं लागत नाही. पण ती हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे हिमोग्लोबिनच बिघडलेलं असेल तर आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात तो खोटा वर जाऊ शकतो. सिकलसेल असेल, विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या मंडळींना हे नवीन नाही, तर तो खोटा खाली येऊ शकतो. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. म्हणून फक्त या एका आकड्यावर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, शेजारी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट ठेवून डॉक्टरांना दाखवा.

प्रीडायबिटीस निघाला तर? देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात ११.४ टक्के प्रौढांना डायबिटीस आणि १५.३ टक्क्यांना प्रीडायबिटीस. म्हणजे तुम्ही एकटे नाही, हे एक. दुसरं, चेन्नईलाच डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर प्रयोग केला, निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला. ज्यांच्याकडून रोजचं चालणं आणि खाण्यातला बदल नेटाने करून घेतला त्यांच्यात ३९ टक्क्यांना. मेटफॉर्मिन गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला, आणि दोन्ही एकत्र केल्यावर जास्त काही झाला नाही. ३९ टक्के काही कमी नाहीत, मी तुम्हाला जादू विकत नाहीये. पण त्या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे: फायदा झालेल्या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. आपले हिंजवडीवाले गृहस्थ मला लगेच विचारणार होते, "मी आधीच ५८ किलोचा, अजून किती बारीक होऊ?" उत्तर आहे, होऊ नका. जेवणं तोडू नका. चाला, जिने चढा, आठवड्यात दोन-तीनदा बैठका, जोर, काहीतरी वजन उचलणं असं करा. तुम्हाला कोठी मोठी करायची आहे. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जाऊन आल्यावर मिसळ खायची की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

एका ताईंनी बी१२ बद्दल विचारलंय. त्या सहा गावांतल्या साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये बी१२ कमी होतं. आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीतली मुलं ६ व्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देताना दिसली, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून २०१२ पासून त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे बघायचा प्रयोग सुरू झाला. पण कृपा करून हे ऐकून गरोदरपणातली फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. तिचं काम वेगळं आहे, बाळाच्या मणक्याचं. फक्त डॉक्टरांना विचारा की माझं बी१२ बघायचं का.

पैशांचं म्हणाल तर सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर मोफत तपासतात. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, त्यात वय, कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला आजार असे प्रश्न असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, आणि पँटचा नंबर तर अजिबात सांगू नका. बोटाला टोचून मधेच कधीतरी घेतलेली साखर १४० च्या पुढे आली तर ती निदान नव्हे, नीट तपासणी करा एवढाच तिचा अर्थ.

आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी ठरलीच असेल तर: आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रिपोर्ट चांगला यावा म्हणून भात-पोळी सोडू नका. रात्री किमान ८ तास उपाशी. ताप असेल तर पुढे ढकला. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच बसायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत, सिगारेट नाही. पाणी प्यायलेलं चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही.